‘उचल्या’ : चोर आणि चोर ठरविणारे

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रकाशित झाले; १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. या आत्मकथनाचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र त्यात पाकीटमारीच्या तंत्राविषयीचे कुतूहलच अधिक होते, असे आम्हांस वाटते. पांढरपेशा वाचकास चोर दिसला, चोर ठरविणारा दिसला नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती नोंदवहीत घातल्या, त्यांच्यामागे पोलिसांची हजेरी लावली. कृत्य घडण्यापूर्वीच कर्ता दोषी ठरला. जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो, हे वसलसुत्तातील तथागतांचे वचन येथे पार उलटे झाले. विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, हा युक्तिवाद इंग्रजांनी केला खरा. पण त्याचा साचा त्यांना येथील जातिव्यवस्थेत तयारच मिळाला होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राहिले, पोलिसांची नजरही राहिली.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजा प्रजेचे रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. तेथून चोरीचा उगम होतो. पकडलेल्या चोरास तो धन देतो, तेव्हा इतरही चोरीकडे वळतात. मग तो शिरच्छेद आरंभतो, तेव्हा चोर शस्त्रे घडवितात. दया आणि दंड दोन्ही येथे निष्फळ ठरतात, कारण दोन्ही चोरीनंतर येतात. आमचे अभ्यासक यातील दंडाविषयी बोलतात, उशिराच्या दयेविषयी फारसे बोलत नाहीत.

‘उचल्या’च्या उत्तरार्धात चळवळीचा तपशील येतो तेथे निवेदन सैल होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि पूर्वार्धातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो, त्याच सुमारास वस्तीतील मुलांना हगवण-ओकारी लागते, आणि जातभाई म्हणतात, हे याच्या शाळेमुळे. ही केवळ अंधश्रद्धा म्हणून पुढे जाता येत नाही. ज्या समूहास बाहेरच्यांनी चोरीवाचून दुसरी वाट ठेवली नाही, त्याच्या लेखी पाटी घेऊन निघालेला पोरच वाट सोडून गेलेला ठरतो. सवर्ण गाव आणि उचल्यांची वस्ती यांचे एकमत झाले, ते नेमके या मुलाविरुद्ध.

वडिलांनी त्याला शाळेतून काढले नाही.