भस्मासुराची वाट आणि जीपगाडीची वाट

पांढुर्णा व सौंसर येथील जुन्या मराठी घरांत पचमढीचें नांव क्वचितच ऐकूं येतें. वडीलधारी मंडळी अजूनहि ‘मोठ्या महादेवाला जातों’ असेंच म्हणतात. हा फरक केवळ बोलण्यांतला नव्हे. महादेवाला जाणारा मनुष्य एका ठिकाणीं जातो. पचमढीला जाणारें कुटुंब हल्लीं दहा-बारा ठिकाणीं जातें आणि त्यांतील एकाहि ठिकाणीं नीटसें पोंचत नाहीं. मुलांना घेऊन निघालेल्या ह्या नव्या सहलीचें परीक्षण, एखाद्या कीर्तनाचें किंवा नाटकाचें करावें तसें, करण्याचा आमचा विचार आहे. कारण सहल हीहि एक रचनाच असते. तिचा प्रेक्षक सात-आठ वर्षांचा असला म्हणजे रचनेंतील दोष त्याला सर्वांच्या आधीं जाणवतो. तो टीका लिहीत नाहीं. तो जांभई देतो आणि खाऊ मागतो.

गोमंतकांतील व कोंकणांतील वाचकांसाठीं थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली तेव्हां विदर्भ मुंबई राज्यांत गेला. पण छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशांत राहिला आणि त्याच्या दक्षिण टोंकावरील हे दोन मराठी तालुकेहि तेथेंच राहिले. २०२३ सालीं त्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. संत्र्यांचा आणि काळ्या जमिनीचा हा मुलूख सातपुड्याच्या दक्षिण अंगाला आहे. सौंसरहून छिंदवाडा, तामिया, मटकुली ह्या रस्त्यानें पचमढी गांठतां येते. पांढुर्ण्याहून आगगाडीनें इटारसीवरून पिपरियाला उतरून पुढें सुमारें ५० किलोमीटर घाट चढावा लागतो. कॅप्टन फॉर्सिथ ह्यानें १८६२ च्या सुमारास हें पठार इंग्रजांच्या दृष्टीस आणलें आणि पुढें तें मध्यप्रांत सरकारचें उन्हाळी ठाणें झालें. विदर्भांतले यात्रेकरू मात्र साहेबाच्या वाटेनें तेथें गेलेले नाहींत.

आतां प्रयोगाकडे वळूं. सकाळीं नऊच्या सुमारास जीपगाडी दाराशीं येते. हांडी खोह, प्रियदर्शिनी, पांडवांच्या गुंफा, जटाशंकर, गुप्त महादेव, राजेंद्रगिरी, धूपगडचा सूर्यास्त : ही यादी गाडीवाल्याच्या सोयीनें पुढेंमागें होते. प्रत्येक जागीं वीस मिनिटें. मुलें उतरतात, कठड्याशीं उभीं केलीं जातात, त्यांचें छायाचित्र निघतें आणि मुलें पुन्हा चढतात. तेथून परतलेल्या एका चुणचुणीत मुलीला आम्ही विचारलें, “काय पाहिलेंस?” ती म्हणाली, “अकरा पॉइंट.” कोणते तें तिला सांगतां येईना; आंकडा मात्र पक्का होता. ह्यांत मुलीचा दोष नाहीं. आख्यान वगळून केवळ अभंगांचे धृपद म्हणत सुटणाऱ्या कीर्तनकाराच्या श्रोत्याला तरी दुसरें काय आठवणार?

आणि नवल असें कीं, ह्या स्थळांना आख्यान आहे. शंकरानें भस्मासुराला वर दिला. ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील तो भस्म होईल. असुर उलटून वर देणाऱ्याच्याच मागें लागला. देव पळाले. इटारसीजवळच्या तिलकसिंदूर येथें लपल्याचें तिकडचे लोक सांगतात; तेथून ते जटाशंकराच्या गुहेंत आले आणि आपली जटा तेथें सोडून पुढें गेले. गुप्त महादेवाच्या फटींत ते दडून बसले. मोठ्या महादेवाच्या जागीं विष्णूनें मोहिनीचें रूप घेऊन नाच मांडला आणि नाचतां नाचतां असुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेववला. म्हणजे हा सगळा लपंडावच झाला, आणि त्यांत लपणारा प्रत्यक्ष महादेव! मुलांसाठीं याहून सरस खेळ कोणत्या करमणूक-मंडळाला सुचला असता? पण तो खेळ क्रमानें खेळला तरच रंगतो. जीपगाडी सकाळीं गुप्त महादेव दाखविते आणि दुपारीं जटाशंकर; लपलेला आधीं सांपडतो आणि पळणारा मागाहून पळतो.

क्रमानें गेल्यास मुलाचें अंग त्या कथेंत शिरतें. जटाशंकराला दरीच्या पायऱ्या उतरतांना गारवा वाढत जातो. खालीं थंड पाणी आणि खडकाचे जटेसारखे लोंबते आकार. मोठ्या महादेवाच्या गुहेंत छतावरून पाणी टपकत असतें. गुप्त महादेवाला तर आडवें होऊन, पाठ खडकाला घासत, एका वेळीं मोजक्याच माणसांनीं आंत जावें लागतें. मोठ्या माणसाची तेथें फजिती होते आणि मुलें सहज जातात. देवाच्या दारीं आपण वडिलांहून सोयीचे आहोंत, ही जाणीव मुलाला दुसरीकडे सहसा मिळत नाहीं. आपल्या गोमंतकांतील जत्रेंत खाजें खात पालखीमागें धांवणाऱ्या पोरांनाच काय ती थोडी ठाऊक असेल.

कथेनें भूगोल बिघडतो असें कांहीं शिक्षक म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. गुहेच्या तोंडाशीं थांबलेलें मूल खडकाला हात लावतें, आणि पचमढीचा दगड वालुकाश्म असल्यामुळें बोटांना रेती लागते. पांढुर्ण्याच्या नदीकांठचा काळा दगड असा झिजत नाहीं. तो लाव्ह्याचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. पचमढीचा वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचा. दोन्ही तुकडे हातांत घेऊन जो मुलगा बसला त्याला भूशास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. शिवाय सौंसरच्या बाजूस त्यानें सागच पाहिलेला असतो. येथें प्रथमच त्याला साल भेटतो. सागाच्या रानांत सालवृक्ष उभा राहण्याची ही जागा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनाहि मोलाची वाटते. पान पानाशीं लावून पाहावें, एवढाच खेळ.

पाण्याविषयीं मात्र सावधपणें लिहिलें पाहिजे. अप्सरा विहार येथील उथळ डोह मुलांसाठीं पचमढींतील सर्वांत आनंदाची जागा होय. तेथें वीस मिनिटें देणें म्हणजे मुलाला ताटावरून उठविणें आहे. अर्धा दिवस द्यावा. पण तेंच पाणी थोड्याच अंतरावर रजत प्रपाताच्या कड्यावरून खालीं कोसळतें, हें वडीलमंडळींनीं पाण्याकडे पाठ करून गप्पा मारतांना विसरूं नये. पावसाळ्यांत तर डोहांत उतरूंच नये.

जीपगाडीवाल्यांवर आमचा राग नाहीं. वनखात्याच्या हद्दींत परवान्याच्या गाडीवांचून जातां येत नाहीं, आणि अरण्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. यादी मागतो तो प्रवासी. ‘सगळें झालें पाहिजे’ हा त्याचा हट्ट असतो, आणि पैसे फिटल्याचा हिशेब तो स्थळांच्या संख्येवर मांडतो. तीनच ठिकाणें, पण ह्याच क्रमानें, असें सांगितल्यास गाडीवाला नाहीं म्हणत नाहीं; थोडा चकित होतो इतकेंच.

जुन्या यात्रेचेंहि आंधळें कौतुक आम्हांला करावयाचें नाहीं. महाशिवरात्रीला चौरागडावर नवसाचे त्रिशूल खांद्यावर घेऊन जी रीघ लागते, तींत लहान मूल घेऊन शिरणें धाडसाचें आहे. नागपंचमीच्या आधीं चालणारी नागद्वारीची वाट, पावसांतली आणि निसरड्या कड्यांची, मुलांसाठीं नव्हेच. नवस मुलाच्या नांवाचा असला तरी ती पायपीट बापानेंच करावी. परंतु यात्रेच्या रचनेंत एक मर्म होतें : सगळी वाट एका शिखराकडे चढत जात असे आणि वाटेंत गाणें थांबत नसे.

गर्दी ओसरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षांत, दहा-अकरा वर्षांचें मूल चौरागडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या बसत-उठत चढूं शकतें. माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे त्रिशूल रचून ठेवलेले आहेत. वीतभराचे, आणि दोघांनीं वाहून आणावे इतके जड. कांहींवर आणणाऱ्यांचीं नांवें, गांवें आहेत. तेथें मुलांना आपल्या गांवाचें नांव शोधावयास सांगावें. गाडी खालीं थांबलेली असते. ती थांबूं द्यावी.