सहयोग कुणाचा, सही कुणाची?

‘सहयोग’ हा शब्द अलीकडे कलादालनांतून वारंवार ऐकू येतो. चार-सहाजण मिळून काम करतात आणि कलाकृती सामूहिक असल्याचे जाहीर होते. परंतु जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले. अशा समाजात ‘सामूहिक’ हा शब्द तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

या तपासणीसाठी मी नवज्योत अल्ताफ यांचे बस्तरमधील काम घेतो. २०१८च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आजवरच्या कलाप्रवासाचे प्रदर्शन भरले होते. मांडणी नॅन्सी अदजानिया यांची होती. जे. जे.त शिकलेल्या आणि सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीत वावरलेल्या नवज्योत यांनी १९९७च्या सुमारास कोंडागाव येथे काम सुरू केले. बस्तर तेव्हा मध्य प्रदेशात होते. शांतीबाई, राजकुमार कोर्राम आणि गेसूराम विश्वकर्मा हे त्यांचे सहकारी. शांतीबाई आधी नवऱ्याच्या कोरीवकामाला हातभार लावीत. पुढे त्या स्वतःची लाकडी शिल्पे घडवू लागल्या. ही माणसे ‘स्थानिक कारागीर’ म्हणून निनावी राहिली नाहीत, कलावंत म्हणून नावानिशी पुढे आली. ही गोष्ट लहान नाही. कल्पना करील तो कलावंत आणि हाताने घडवील तो कारागीर, हा भेद आपल्या कलाव्यवहाराने वर्णव्यवस्थेकडूनच उचललेला आहे.

या सहयोगातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम म्हणजे ‘नलपार’. गावातल्या हापशाभोवती या कलावंतांनी ओटे, भिंती आणि कोनाडे उभारले. पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलून आराखडे केले. भरलेला हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घ्यायचा म्हणजे कंबर आणि मान दोन्ही जातात. तो टप्प्याटप्प्याने उचलता यावा, अशा बेताने उंची ठेवली. इथे आकाराचे सौंदर्य बाईच्या कंबरेच्या मापाने ठरते. ‘कलेसाठी कला’ म्हणणाऱ्यांनी या ओट्यावर एकदा हंडा ठेवून पाहावा.

पण याच ओट्यापाशी आपला प्रश्नही उभा राहतो. या कामाची चर्चा करताना बाईचे श्रम ठळकपणे मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला एवढ्यावर थांबता येत नाही. पाणवठ्यावर बाई एकटी येत नाही, तिच्याबरोबर तिची जातही येते. ओटा सर्वांचा, पण त्यावर पहिली कळशी कुणाची, आणि कुणी दूर उभे राहायचे? ज्या सहयोगाला हा प्रश्न विचारलेला चालत नाही, तो समतेचा सहयोग नव्हे.

दुसरा प्रश्न दालनाचा. हापसा दालनात येत नाही. तिथे येते त्याचे छायाचित्र, त्याचा आराखडा. पाणी आणि पाणी भरणारी बाई गावातच राहतात. शिवाय अशा प्रदर्शनाला शेवटी एकाच कलावंताचे नाव लागते. हा नवज्योत यांचा दोष मानण्याचे कारण नाही. सहकाऱ्यांची नावे त्यांनी झाकलेली नाहीत. पण प्रस्थापित कलाव्यवहाराला एकच सही वाचता येते. चारजणांनी घडवलेली गोष्ट तो एकाच्या चरित्रातले प्रकरण करून टाकतो. शांतीबाईंच्या आयुष्यातही हे एक प्रकरण आहे. ते त्यांच्या बाजूने कोण लिहिणार?

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, कलादालनांकडे पाठ फिरवू नका. आत जा आणि विचारा : विषय कुणी ठरवला? नाव कुणाचे लागले? विक्रीचे पैसे कुणाला मिळाले? आणि जे घडवले, ते कुणाच्या उपयोगी पडले? या चारही प्रश्नांना एकत्र उभे राहून उत्तर देता आले, तरच त्यांना सहयोगी म्हणावे.