इळैयराजांची सिंफनी : लंडनमधली आणि चार मिनिटांतली

लंडनच्या अपोलो नाट्यगृहात ८ मार्च २०२५ रोजी चेन्नईचे चित्रपट-संगीतकार इळैयराजा यांची ‘व्हॅलियंट’ ही सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली अनेक भागांची दीर्घ कृती, सादर झाली. त्यानंतर झालेल्या गौरवात ‘पहिला भारतीय’ हेच बिरुद घोळवले गेले. मूळ सुरावट कशी उलगडते किंवा एक भाग दुसऱ्याला काय देतो, यावर क्वचितच कोणी बोलले. बिरुदही टिकणारे नाही, कारण रविशंकर यांची सिंफनी त्याच शहरात २०१० साली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवली होती. त्या कृतीत सतार आणि वाद्यवृंद आळीपाळीने बोलतात, एकमेकांशी नाही; तर व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्या रचनांत व्हायोलिन दिपवते आणि वाद्यवृंद अदबीने मागे उभा राहतो.

इळैयराजांचे सिंफनीकार म्हणून खरे कर्तृत्व मात्र चित्रपटगीतांत आहे, आणि ते ऐकायला लंडनची गरज नाही. ‘चिट्टुक्कुरुवी’ (१९७८) या चित्रपटातील बसमधल्या युगुलगीतात काउंटरपॉइंट आहे, म्हणजे दोन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालतात आणि तरीही एकमेकींशी जुळतात. स्त्री आणि पुरुष आवाज आपापली वाट सोडत नाहीत, मध्येच कंडक्टरची हाक घुसते, तरी वीण उसवत नाही. ‘दळपति’ (१९९१) मधील ‘सुंदरी’ हे मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले गीत कल्याणीत, म्हणजे मराठी श्रोत्याच्या यमनच्या सुरांत बांधलेले आहे. त्याच्या मधल्या वाद्यखंडांत तंतुवाद्यांचा समूह रागाचा पदर न सोडता सुसंवादाची (हार्मनीची) इमारत उभी करतो. ‘हाउ टू नेम इट?’ (१९८६) हा ध्वनिसंग्रह जर्मन संगीतकार बाख आणि कर्नाटक संगीतातील रचनाकार त्यागराज या दोघांना अर्पण केलेला आहे. त्यातील एका रचनेत बाखच्या ई मेजर पार्टिटाच्या (नृत्यखंडांच्या मालिकेच्या) प्रारंभखंडाशी भारतीय सुरावट अशी भिडते की पाहुणा कोण आणि यजमान कोण हे कळेनासे होते. त्यागराज ज्या मराठी राजवटीच्या मुलखात राहिले, त्या तंजावरच्या सरफोजी दुसऱ्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता, हेही येथे आठवावे.

इळैयराजांच्या गीतांतला वाद्यमेळ स्टुडिओतील वादकांच्या रोजच्या सरावातून घडला. पुढे की-बोर्ड आले आणि या वादकांची कामे आटली. याउलट फिनलंडमध्ये हेलसिंकीचा वाद्यवृंद १८८२ पासून सुरू आहे, म्हणूनच तेथे सिबेलिउससारखा सिंफनीकार उभा राहू शकला आणि त्याच्या सावलीत वाढलेल्या लेवी मादेतोयासारख्या, बाहेर फारशा माहीत नसलेल्या शिष्याच्या तिन्ही सिंफनी लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकल्या. मुंबईला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मिळायला २००६ उजाडले. चेन्नई मात्र संगीतकाराचे सत्कार करते आणि वादक परदेशातून भाड्याने आणते! ज्या शहराला आपल्या रचनाकाराची कृती दरवर्षी वाजवता येत नाही, त्याने ‘पहिला’ या शब्दावर कितपत हक्क सांगावा? या सत्कारांचा खर्च इळैयराजांच्या गीतांच्या वाद्यखंडांची स्वरलिपी छापण्यावर आणि पंचवीस-तीस तंतुवादकांना बारमाही पगार देण्यावर व्हायला हवा.

१९९३ साली रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलेली इळैयराजांची आधीची सिंफनी अजूनही अप्रकाशित आहे.