'सहभाग' म्हणजे नक्की काय? जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह संशोधक म्हणून वाचताना



वारसा या विषयावरचा कुठलाही शोधप्रस्ताव उघडा, 'विविध समुदायांचा आणि तरुणांचा सहभाग' हे शब्द पहिल्या दोन पानांत सापडतातच. पण मुलाखतीत कुणी विचारलं, "सहभाग म्हणजे नक्की काय?", की उत्तर हजेरीपटावर येऊन थांबतं. इतक्या मुलाखती घेतल्या, इतके विद्यार्थी आले, एक हेरिटेज वॉक झाला. आज एक खरा आणि मोठा प्रकल्प या प्रश्नावर तपासून बघू.

आधी मोजपट्टी

शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यांचा मुद्दा सरळ होता: निर्णय घेण्याची ताकद हातात आली नाही, तर तो सहभाग नुसता नावाचा. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना हीच कल्पना मुलांना लावली. त्यांच्या शिडीतली खालून दुसरी पायरी आहे 'सजावट'. फेटे बांधून, लेझीम देऊन पाहुण्यांच्या स्वागताला उभी केलेली शाळेची पोरं आठवा, म्हणजे वेगळी व्याख्या लागत नाही.

प्रकल्प काय आहे?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यातल्या अनेक जिल्ह्यांतून मिळून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल सोबत आले, ध्वनिमुद्रण झालं, डेटाबेस उभा राहिला. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला-वाचायला मिळतात.

काय जमलं?

पहिली गोष्ट म्हणजे काम फक्त बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी केलं नाही. 'गरीब डोंगरी संघटने'त काम करणाऱ्या गावातल्या बायाही ओव्या गोळा करत होत्या, आणि त्यातल्या काही स्वतः गाणाऱ्या होत्या. म्हणजे विचारणारी आणि सांगणारी यांच्यातलं अंतर कमी झालं. आपल्याकडे लोकसाहित्याच्या संग्रहात 'एका वृद्ध स्त्रीकडून' एवढ्यावर भागवायची सवय. इथे ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे.

दुसरी गोष्ट, ओवी म्हणजे फक्त राम-सीता आणि विठ्ठल हा समज इथे टिकत नाही. बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आणि त्या संग्रहात शेपटासारख्या जोडलेल्या नाहीत. वारशाची व्याख्याच त्यामुळे रुंदावते.

कुठे अडतं?

माझा पहिला आक्षेप वर्गीकरणावर आहे. डेटाबेसमध्ये प्रत्येक ओवी विषयवार संकेतांकाखाली टाकलेली आहे. अभ्यासकाला ते सोयीचं. पण जात्यावर बसलेली बाई पहाटे सीतेपासून सुरू करते, भावावर येते, मग पावसावर, मग सासूवर. हा प्रवास तिचा आहे आणि कप्पे आपले. ध्वनिमुद्रण आहे तिथे मूळ क्रम पुन्हा मिळवता येतो, पण वाचकाच्या हाती पहिल्यांदा येतो तो कप्पाच. गोळा करण्याच्या टप्प्यावर बायांचा हात होता. नावं देण्याच्या टप्प्यावर अभ्यासकाची भाषा वरचढ झाली.

दुसरा प्रश्न जातीच्या नोंदीचा. 'पारी'वर गायिकेच्या माहितीत जातही दिलेली असते. ती नसती, तर कुठल्या वस्तीतून कुठली ओवी आली हे कळलंच नसतं, म्हणून नोंद मला योग्य वाटते. पण आजीच्या नावासोबत जात इंटरनेटवर कायमची राहणं नातीला चालेल का? तुमच्या संमतीपत्रात या प्रश्नाला जागा ठेवा.

तिसरा मुद्दा तरुणांचा. ओवी शिकवली जायची ती जात्यापाशी, समोरासमोर बसून. पिठाची गिरणी आली आणि शिकण्याची ती जागाच गेली. त्यामुळे या संग्रहात तरुण पिढी मुख्यतः ऐकणारी आहे. दोष प्रकल्पाचा नाही, पण मर्यादा आहेच. नातवाच्या हातात मोबाइल देऊन 'आजीचं रेकॉर्डिंग कर' म्हटल्याने ती ओलांडली जात नाही.

समजा, काम वडनेर भोलजीत करायचंय

नांदुरा तालुक्यातलं, महामार्गावरचं हे गाव. बुलढाणा जिल्ह्यात वारसा म्हटलं की बोट लोणारकडे नाहीतर सिंदखेडराजाकडे जातं. घाटाखालच्या गावाला वाटतं, आपल्याकडे दाखवण्यासारखं काय? पण वऱ्हाडात भुलाबाई आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. इथे मुलींना सहभागी 'करून घ्यावं' लागत नाही. सोहळाच त्यांचा आहे.

म्हणून प्रस्ताव उलटा लिहून बघा. वही मुलींकडे. गाण्यांचे गट त्यांच्या शब्दांत: 'हसायची', 'सासूची', 'खिरापतीची'. कुठलं गाणं बाहेर ऐकवायचं नाही, हे त्याच ठरवतील. पालकांची संमती तर हवीच, पण मुलीचा नकारही तेवढाच चालला पाहिजे. रेकॉर्डिंगची एक प्रत गावातल्या शाळेत राहील.

आणि एक अवघड प्रश्न टाळू नका: भुलाबाईला कुठल्या आळीतल्या पोरींना बोलावणं जायचं, आणि कुठल्या आळीत कधीच गेलं नाही? त्या दुसऱ्या आळीत त्या महिन्यात काय गायलं जायचं? बौद्ध वस्तीतल्या भीमगीतांची आणि मुस्लिम घरांतल्या लग्नगीतांची वही वेगळ्या पोरी लिहितील, वेगळ्या नावांनी. सगळं 'गावची लोकगीतं' या एका मथळ्याखाली कोंबलं, तर विविधता कागदावर दिसेल आणि निर्णय पुन्हा एकाच आळीचा राहील.

प्रस्ताव जमा करण्याआधी

एक साधा तक्ता करा. डावीकडे टप्पे लिहा: विषय ठरवणं, गोळा करणं, नावं देणं, जपणं, प्रसिद्ध करणं. उजवीकडे प्रत्येक टप्प्यावर अंतिम निर्णय कोणाचा, ते लिहा. पाचही ठिकाणी 'संशोधक' असं आलं, तर 'सहभाग' हा शब्द खोडा आणि 'मुलाखती' लिहा. मुलाखतींवर आधारलेलं कामही चांगलं असू शकतं. नाव मात्र खरं हवं.