खुर्दा कुणी मोजायचा?

क्रिकेटची मॅच हरली की आमच्या हापिसातले साहेब म्हणतात, "पानिपत झालं." निवडणुकीत आपटलेल्या पक्षाचं दुसऱ्या दिवशी पेपरात पानिपत होतं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. अडीचशेच्या वर वर्षं उलटली, तरी मराठी जिभेवर ती ताजी आहे. कुणी म्हणत नाही, कशाला जुनं उगाळता? आणि १ जानेवारीला कोरेगावला जायला मी रजेचा अर्ज ठेवला की तेच साहेब चष्म्यावरून बघतात. "अजून किती दिवस ते जुनं घेऊन बसणार तुम्ही?"

'तुम्ही' म्हणजे मी एकटा नव्हे, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही.

पानिपताची बातमी पेशव्याला कळली ती सावकारी चिठ्ठीतल्या सांकेतिक भाषेत, हे शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा मतलब. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे कोण, ते गुरुजींनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मार्क मोत्यांना होते.

आपल्या ऐतिहासिक साहित्याचंही तसंच. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ला आली, गाजली. २०१९ ला हिंदी सिनेमा आला. अशा लेखनाची मराठीत रांग आहे, आणि त्यातलं बरंचसं मोती-मोहरांच्या दुःखाचं आहे. खुर्दा त्यात येतो तो गर्दी म्हणून, फौजेच्या पाठीवरचं ओझं म्हणून. खाणारी तोंडं फार होती, रसद तुटली, छावणी उपाशी पडली, हे खरंच आहे. पण त्या तोंडांना नाव कुठंय? तंबू ठोकणारा, ओझी वाहणारा, घोड्याला गवत कापून घालणारा, तो बुणगा. आणि आज 'बाजारबुणगे' ही मराठीत शिवी आहे. लढाई संपते, शब्द मागं राहतात. कोण माणूस आणि कोण भरताड, ते शब्दच ठरवून टाकतात.

कोरेगावचा दगड या पार्श्वभूमीवर बघा. कंपनीनं तो आपल्यासाठी उठाव केला म्हणून उभारला नाही. १८२१ ला पाया घातला तो स्वतःच्या मोठेपणासाठी. पण एक गोष्ट त्या दगडावर घडली. मेलेल्या साध्या शिपायांची नावं कोरली गेली. त्यातली २२ नावं 'नाक' या शब्दानं संपतात. खुर्दा मोजला गेला, तोही नावानिशी. पेशव्यांच्या बाजूनं लढून मेलेल्या अरबांची, गोसाव्यांची अशी यादी कुठं कोरलीय, कुणी दाखवावी.

आता आपल्या घरातलं. या अंकासाठी कोरेगाववर नऊ कविता आल्या. आठांत तलवार आहे. अरे, ते शिपाई बंदुका घेऊन लढले, सोबत दोन तोफा होत्या! आठांत सिंह आहेत, छावे आहेत, रक्ताचा वारसा आहे. ही भाषा कुठली? ज्या कादंबऱ्यांना आपण नावं ठेवतो तिथलीच. नुसती पात्रं बदलली. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार कापून काढले, असं कवितेत ठोकून देता. पाचशेच्या आसपास सगळी पायदळ पलटण होती. तिच्यात महार होते तसे मराठे, मुसलमानही होते. वर घोडदळ, वर मद्रासचे गोलंदाज. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात, पण गावात घुसून भिडली ती त्यातली थोडीच, आणि रात्री ती मागं हटली. यानं आपलं काय कमी होतं? काही नाही. उलट फुगवलेला आकडा समोरच्यानं एका टाचणीनं फोडला की खरी नावंही खोटी ठरतात.

खरी गोष्ट जास्त जड आहे. रात्रभर शिरूरहून चालत आलेली माणसं, दिवसभर लढाई, पोटात अन्न नाही, आणि समोर भीमा वाहत असताना प्यायला पाणी नाही. तहान! नऊ कवितांत ती एकीनंच लिहिली, आणि त्या पोरीची ही पहिलीच कविता.

पुढं कंपनीच्या वारसांनीच १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. वलंगकरांना अर्ज लिहावे लागले. १९१७ ला पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या दगडापाशी आले. तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, महाडच्या तळ्यावर ओंजळ भरली. हे दोन्ही एका माणसाच्या एकाच वर्षातले दिवस आहेत, कवितेनं तेवढं जरी बघितलं तरी पुष्कळ.

२०१८ ला, दोनशेव्या वर्षी, शिरूरकडून येणारा आमचा टेम्पो सणसवाडीच्या अलीकडं अडकला. पुढून दगड येत होते. धुराचा वास. दुकानांची शटरं खाली. टेम्पोत एक म्हातारी मावशी होती, नातवाला मांडीवर घेतलेली. ती दगडांबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "पोराला घोटभर पाणी बघ की रं बाबा." मी उतरलो. दोन दारं वाजवली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्या पोरीची कविता पहिल्या पानावर घेतलीय. बाकीचे आठजण रागावतील. रागवा. पण येत्या १ जानेवारीला घोषणा देऊन झाल्या की वही काढा, दगडावरची नावं एकेक करून उतरवून घ्या, आणि मग लिहा.