पायाखालची माती आणि रझांची चित्रे

निसर्गचित्र म्हटले की आपल्यासमोर एक ठरीव दृश्य उभे राहते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी. शाळेच्या चित्रकला वहीत आपण सर्वांनीच ते काढलेले आहे. हे चित्र काढण्यासाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. ज्याला उंबरठा ओलांडावाच लागतो असे निसर्गचित्र कोणते, हा प्रश्न सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या चित्रांसमोर उभे राहिले की आम्हांला पडतो.

रझांच्या कारकिर्दीची बहुधा दोन भागांत वाटणी केली जाते. आधीचे रझा हिंडून निसर्ग रंगवणारे, नंतरचे रझा निसर्ग सोडून बिंदूत रमणारे. ही वाटणी सोयीची आहे, पण ती आम्हांला पटत नाही.

मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात रेंजर होते. त्यामुळे जंगल हे या मुलाला सहलीचे ठिकाण नव्हते, ते घराचे अंगण होते. दिवसा मोहवणारे आणि रात्री भीती घालणारे हे रान रझांनी पुढे आयुष्यभर आठवले. नागपूरच्या कलाशाळेतून ते मुंबईला जे. जे.मध्ये आले. पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात शहराचे रस्ते जलरंगात रंगवले. १९४५ सालचे पावसातल्या फ्लोरा फाउंटनचे चित्र त्याच काळातले. ही चित्रे हलक्या हाताची आणि तजेलदार आहेत. त्यांत डोळा तयार झालेला दिसतो, पण मनाची गुंतवणूक अजून पुरती दिसत नाही.

१९४८ साली ते काश्मीरला गेले. काश्मीरला जाणारा चित्रकार सरोवरे आणि चिनार घेऊन परततो. रझांनी ‘उद्ध्वस्त बारामुल्ला’ही रंगवले. ऑक्टोबर १९४७च्या टोळीवाल्यांच्या हल्ल्यात ते गाव होरपळले होते. फाळणीत स्वतः रझांचे भाऊ-बहीण पाकिस्तानला निघून गेले आणि ते मात्र इथेच राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चित्राचे वजन कळते. प्रवासाने त्यांना तेथे सौंदर्याबरोबर जखमही दाखवली.

याच काश्मीरमध्ये छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटले. चित्रे चांगली आहेत, पण त्यांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा, असा त्यांचा सल्ला होता. आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नुसते पाहणे पुरत नाही, पाहिलेले उभे करावे लागते, हे तेथे रझांना उमगले. १९५०मध्ये ते पॅरिसला गेले. दक्षिण फ्रान्समधील गावे रंगवताना त्यांनी घरांच्या ओळी भूमितीसारख्या रचल्या. चित्रांतून माणूस नाहीसा झाला आणि बांधणी आली. पण खरे सांगायचे तर ती गावे आम्हांला थोडी परकी वाटतात. पाहुण्याने नीट मांडून ठेवलेल्या सामानासारखी.

दोन्ही गोष्टींचा मेळ बसला तो भारतात पुन्हा पुन्हा फेऱ्या सुरू झाल्यावर. ‘राजस्थान’ मालिका आणि १९८३चे ‘सौराष्ट्र’ पाहावे. ना किल्ला, ना उंट, ना वाळूचे डोंगर. आखीव चौकटी आहेत आणि त्यांत तापलेला लाल, शेंदरी, पिवळा, काळा. तरीही हा मुलूख दुसरा कोणता असू शकत नाही. प्रवासात पाहिलेली जमीन बालपणच्या जमिनीला जाऊन भिडली, तेव्हा ही चित्रे झाली. २०१०मध्ये ‘सौराष्ट्र’ लंडनच्या लिलावात सोळा कोटींहून अधिक रुपयांना गेले. किमतीची चर्चा खूप झाली, चित्राची त्या मानाने कमी.

उलट, उत्तरकाळातील अनेक बिंदूचित्रे आम्हांला कोरडी वाटतात. बिंदू तोच, रंग तेच, पण त्यांमागे नवे चालणे जाणवत नाही. बिंदू वाईट नाही. शाळेतल्या गुरुजींनी चंचल मुलाचे मन स्थिर करण्यासाठी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याची ती आठवण आहे. पण मुक्कामच वारंवार रंगवला, तर वाट दिसेनाशी होते.

‘मुसलमान असून बिंदू कसा?’ असे विचारणारे बाहेर आहेत आणि आपल्यातही आहेत. आमचे उत्तर एवढेच की, ज्या मातीवर माणूस लहानपणी अनवाणी चालला, तिची चिन्हे त्याला कोणाकडून मागून घ्यावी लागत नाहीत. साठ वर्षांच्या फ्रान्समधील वास्तव्यानंतर रझा परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

हे सारे लिहिताना आम्हांला आपल्या कवितेतला निसर्गही आठवतो. तिथला चंद्र, तिथली बाग, तिथला बुलबुल बरेचदा वाचनातून आलेला असतो. गावाबाहेरचा माळ, कब्रस्तानातली कडुलिंबाची झाडे, बाजाराच्या वाटेवरचा ओढा मात्र तिच्यात क्वचित दिसतो. तो दिसायचा असेल तर आधी तिथवर चालत जावे लागेल.