शंकेचे धैर्य

नरहर कुरुंदकर यांचे नाव निघाले की मराठवाड्यातील सुशिक्षित घरांतून एक हकिकत हटकून सांगितली जाते. इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झालेला हा तरुण पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. तेव्हा मुलांनो, धीर सोडू नका! हकिकत खरी आहे, आणि सांगणाऱ्यांचा हेतूही शुद्ध आहे. तथापि तिचे हे तात्पर्य आम्हांस अपुरे वाटते. शेवटी लाभलेल्या पदामुळेच आधीचे अपयश क्षम्य ठरत असेल, तर ज्यास असे पद कधीच लाभणार नाही, त्याने कोणत्या आधारावर उभे राहावे?

हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन नव्हे. ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाल्यापासून लातूर आणि नांदेड ही शहरे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची मोठी केंद्रे बनली आहेत. दूरदूरच्या गावांतून मुले येथे येऊन राहतात, आईबाप पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरतात, आणि गुणपत्रिकेवरील एका आकड्याने सतरा वर्षांच्या जीवास आपण कुचकामाचे आहो असे वाटू लागते. अशा वेळी प्राचार्यपदाची गोष्ट त्यास धीर देईलच असे नाही; उलट ‘तेही मला साधले नाही तर?’ ही नवी धास्ती मात्र देईल.

कुरुंदकरांचे खरे धैर्य पाहावयाचे तर त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्या लेखनाकडे वळले पाहिजे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस त्यांचे एक दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. शिवछत्रपतींविषयी मराठी मनात जी भक्ती आहे, तीस धक्का न लावता ते एक अवघड प्रश्न विचारतात: या पुरुषाचे असाधारणत्व नेमके कशात? लढाया इतरांनीही जिंकल्या, राज्ये इतरांनीही स्थापिली. १६८० साली महाराज गेले. त्यानंतर औरंगजेबाच्या १७०७ मधील मृत्यूपर्यंत सत्तावीस वर्षे सामान्य रयत झुंजत राहिली, हे मात्र इतरत्र सहसा आढळत नाही. मोठेपणाचे माप असे विजयांच्या मोजणीवरून काढून माणसांत रुजलेल्या श्रद्धेवर ठेवणे, हा केवळ इतिहासाचा निवाडा नव्हे. यशाकडे पाहण्याची ती एक निराळी दृष्टी होय.

‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या संग्रहांतील राजकीय-सामाजिक निबंधांत हीच दृष्टी अधिक कठोर होते. लेखक समाजवादी आणि निरीश्वरवादी. पण प्रतिपक्षाची बाजू तो प्रथम पूर्ण बळानिशी मांडतो, आणि मगच तिच्याशी झगडतो. स्वपक्षाच्या लाडक्या समजुतींवरही तो तीच शंका रोखतो. येथे आम्हांस या लेखनाचे मर्म सापडते. खचलेला मनुष्य आपली शंका स्वतःच्या जीवावर घेतो आणि ‘मी निकामी’ असे म्हणतो. कुरुंदकर ती विधानावर घेतात आणि ‘हे खरे कशावरून?’ असे विचारतात. पहिली शंका माणसास कोंडून टाकते, दुसरी कामास लावते. आत्मविश्वासाचा अभाव आणि चिकित्सा यांचे मूळ एकच असते. फरक पडतो तो केवळ रोखाचा.

या गद्यात दोष नाहीत असे नाही. त्यावर व्याख्यानाचा ठसा उमटलेला आहे. पुनरुक्ती बरीच आढळते, आणि कधी कधी निर्णय इतक्या ठासून दिले जातात की त्यांमागील चाचपडणे वाचकास दिसतच नाही. ज्या वाचकास स्वतःच्या चाचपडण्याची लाज वाटते, त्यास ते दिसते तर अधिक उपकार झाले असते. परंतु हा ठाशीवपणा अहंतेचा नव्हे. पदवी हाती येण्यापूर्वी शाळेत मुलांस शिकविताना, कोणी मागितलेले नसतानाही ज्याने अभ्यास चालू ठेविला, त्याचा तो आवाज आहे.

प्राचार्यपद त्यांस फार वर्षे लाभले नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, पन्नाशी पुरी होण्यापूर्वीच, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात सभेच्या व्यासपीठावरच त्यांस मृत्यूने गाठले. पद तेथेच संपले. ग्रंथ मात्र अजून वाचले जातात आणि त्यांच्याशी वादही घातले जातात. म्हणून नांदेड-लातूरच्या पालकांस आमची एक विनंती आहे. मुलास कुरुंदकरांची गोष्ट अवश्य सांगावी, पण तिचा शेवट प्राचार्याच्या खुर्चीशी करू नये. नापासाचा शेरा आणि पदवी यांच्या मधल्या वर्षांत तो तरुण वाचीत होता, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. आशा म्हणजे यशाची हमी नव्हे. हमी नसताना चालू ठेविलेला अभ्यास म्हणजे आशा.